स्नो हिलचा बोगदा : सार्वजनिक संचित आणि त्याचे हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



अर्थशास्त्राच्या शिक्षकाला अभ्यासवर्गात बोलावले म्हणजे तो आकड्यांची पोतडी उघडणार, अशी कार्यकर्त्यांची रास्त भीती असते. आज मी आकडे बेताचेच आणले आहेत. एका बोगद्याची गोष्ट सांगणार आहे. बोगदा आहे लंडनमध्ये. लांबी फारशी नाही. सह्याद्रीतले बोगदे पाहिलेल्या माणसाने त्याची दखलही घेऊ नये, इतका तो किरकोळ आहे. परंतु सार्वजनिक मालकी, जमिनीचे मोल, कामगारांचे भाडे आणि 'तोटा' या शब्दाची लबाडी हे सारे विषय त्या छोट्याशा बोगद्यामध्ये असे एकवटले आहेत की, पाठ्यपुस्तकातली चार प्रकरणे शिकवण्याऐवजी तो बोगदा दाखवावा, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे.

काही वर्षांपूर्वी मी मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. फॅरिंग्डन नावाच्या स्थानकावरून दक्षिणेकडे जाणारी गाडी धरली. गाडी सुटली, अंधार झाला आणि मिनिटभरात पुढचे स्थानक आले. डब्यातल्या एकानेही मान वर केली नाही. या मिनिटभराच्या अंधाराला स्नो हिलचा बोगदा म्हणतात. सुमारे एकोणीस वर्षे तेथून एकही गाडी गेली नव्हती, आणि त्यापूर्वीची त्रेपन्न वर्षे एकही उतारू गाडी गेली नव्हती, हे त्या उतारूंना ठाऊक असण्याचे काही कारण नाही. आपल्याला मात्र ते ठाऊक हवे.

प्रारंभ चार्ल्स पिअर्सन या माणसापासून केला पाहिजे. १७९३ चा जन्म, लंडनच्या सिटी कॉर्पोरेशनचा कायदा सल्लागार, वृत्तीने सुधारक. १८४० नंतरच्या दशकात लंडनची लोकसंख्या वीस लाखांवर गेली होती आणि श्रमिक कामाच्या जागेलगतच्या गल्ल्यांतून दाटीने कोंबले गेले होते. पिअर्सनचा युक्तिवाद साधा होता. गरिबाजवळ चालत दूर जाण्याइतका वेळ नाही आणि वाहनाने जाण्याइतका पैसा नाही. म्हणून तो घाणीत राहतो. त्याच्यासाठी शहराच्या पोटात रेल्वे आणा, भाडे अल्प ठेवा, म्हणजे तो मोकळ्या हवेत राहू शकेल. १८४६ साली नेमलेल्या शाही आयोगाने मध्यवर्ती स्थानकाची त्याची योजना फेटाळली. पिअर्सनने ध्यास सोडला नाही. भुयारी रेल्वेला भांडवल मिळेना, तेव्हा त्याने खुद्द सिटी कॉर्पोरेशनला दोन लाख पौंडांचे भाग घ्यायला लावले. १० जानेवारी १८६३ रोजी मेट्रोपॉलिटन रेल्वे पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी लोकांसाठी खुली झाली. जगातली ती पहिली भुयारी रेल्वे. पहिल्याच दिवशी अडतीस हजारांच्या घरात माणसे तीतून फिरली. पिअर्सन चार महिने आधी, सप्टेंबर १८६२ मध्ये वारला होता.

खाजगी साहसाचा महान विक्रम म्हणून हा इतिहास आपल्याला शिकवला जातो. त्या साहसाला नगरसंस्थेच्या पैशाचा टेकू लागला होता, ही ओळ बहुधा वगळली जाते.

आता दक्षिणेकडून येणाऱ्या मार्गाकडे वळू. लंडन, चॅथम अँड डोव्हर रेल्वे या कंपनीने १८६० साली संसदेकडून परवानगी मिळवली : थेम्स ओलांडून सिटीत शिरायचे आणि फॅरिंग्डनला मेट्रोपॉलिटनशी रूळ जोडायचे. १८६४ मध्ये ब्लॅकफ्रायर्सचा पूल झाला. लडगेट हिलच्या रस्त्यावरून लोखंडी पूल गेला आणि त्याने सेंट पॉल कॅथीड्रलचे दर्शन अडवले, म्हणून प्रतिष्ठितांनी पुष्कळ हळहळ व्यक्त केली. शेवटचा टप्पा होता स्नो हिलचा बोगदा. तो १ जानेवारी १८६६ पासून वापरात आला.

कॅथीड्रलचे दर्शन अडले याची हळहळ झाली. घरे पडली त्यांचे काय? रेल्वे कंपन्या मार्ग आखताना गरीब वस्त्या निवडीत. यात कोणाचा दुष्टपणा असण्याची गरज नव्हती; बाजाराचे गणितच तसे होते. तेथे जमीन स्वस्त, मालक थोडे आणि भाडेकरू आठवड्याच्या बोलीवर राहणारे. मालकाला मोबदला मिळे; आठवड्याच्या भाडेकरूला कायद्याने काहीच मिळत नसे. लॉर्ड शॅफ्ट्सबरींच्या आग्रहामुळे १८५३ पासून कंपन्यांना एवढे तरी लिहून द्यावे लागू लागले की, आपण श्रमिकांची किती घरे पाडणार आहोत. डायॉस या इतिहासकाराने ही निवेदने तपासली. १८५३ ते १९०१ या काळात लंडनमध्ये सुमारे ७६ हजार माणसे रेल्वेने उठवली, असा त्यांचा हिशेब आहे. आणि ही कंपन्यांनी स्वतः दिलेली संख्या आहे, हे विसरू नये. उठलेली माणसे मोकळ्या हवेत गेली नाहीत. ती शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहिली. पिअर्सनच्या स्वप्नाची पूर्तता होण्यापूर्वी त्याची किंमत ज्यांच्यासाठी स्वप्न पाहिले त्यांच्याकडूनच वसूल झाली होती.

तथापि, एक गोष्ट या कंपनीच्या खात्यावर जमा करावी लागते. म्हणजे कंपनीच्या नव्हे, संसदेच्या. परवानगीच्या कायद्यातच अट घातली गेली की, कंपनीने कामगारांसाठी स्वस्त गाडी चालवली पाहिजे. १८६५ पासून ती सुरू झाली : आठवड्याच्या जाण्यायेण्याला एक शिलिंग. हे बंधन पुढे १८८३ च्या 'स्वस्त गाड्या' कायद्याने सर्व कंपन्यांवर आले. आज मुंबईत उपनगरी गाडीचा पास काढणारा कामगार जी सवलत आपली समजतो, तिची वंशावळ अशा कलमांपर्यंत मागे नेता येते. ती सवलत कोणाच्या औदार्यातून आलेली नाही. परवान्याच्या मोबदल्यात ती पदरात पाडून घेतलेली आहे.

कंपनीचे पुढे काय झाले? मे १८६६ मध्ये ओव्हरेंड गर्नी ही पेढी बुडाली, तिच्यामागोमाग कंत्राटदार पेटो आणि बेट्स बुडाले आणि बोगदा उघडल्यावर काही महिन्यांतच आपली रेल्वे कंपनीही दिवाळखोरीत निघाली. भागधारकांचे व्हायचे ते झाले. बोगदा जागेवर राहिला. भांडवलाचे कागद जळाले तरी श्रमाने उभे केलेले बांधकाम जळत नाही. या साध्या विधानाचा आधार घेऊनच पुढचे सगळे बोलणार आहे.

पन्नास वर्षे या बोगद्यातून उत्तर आणि दक्षिण लंडनच्या गाड्या एकमेकींच्या प्रदेशात गेल्या. मग विजेच्या ट्राम आल्या, खोल भुयारी रेल्वे आल्या, महायुद्ध आले. १९१६ मध्ये उतारू गाड्या बंद झाल्या. मालगाड्या चालू राहिल्या : उत्तरेच्या खाणींतला कोळसा दक्षिण लंडनच्या चुलींकडे याच वाटेने जाई. दोन्ही युद्धांत हा चिंचोळा दुवा देशाला फार उपयोगी पडला. माथ्यावर स्मिथफील्डचा मांसबाजार; त्याच्या तळघरात रेल्वेचे गोदाम होते, ते १९६२ मध्ये बंद झाले. १९६९ मध्ये शेवटच्या मालगाड्या थांबल्या आणि १९७१ मध्ये रूळही उचलून नेले.

हा काळ लक्षात घ्या. १९६३ मध्ये डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला होता. पद्धत अशी की, एकेक मार्ग सुटा घ्यायचा, त्या मार्गावर जमा किती आणि खर्च किती ते मांडायचे, आणि शिल्लक राहत नसेल तर मार्ग बंद. दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस त्यात होती. या हिशेबात जाळे नावाची वस्तूच नसते. शाखेवरून आलेला उतारू मुख्य मार्गावर भाडे देतो, हे मुख्य मार्गाच्या खात्यात दिसते. शाखेच्या खात्यात तोटा दिसतो. हाताचे बोट तोट्यात आहे म्हणून कापायचे आणि मग मूठ का वळत नाही म्हणून आयोग नेमायचा, असा हा प्रकार.

योगायोग पाहा. त्याच १९६३ साली फॉस्टर आणि बीझ्ली या दोन अर्थशास्त्रज्ञांनी लंडनच्या व्हिक्टोरिया मार्गाचा सामाजिक लाभ-खर्च हिशेब प्रसिद्ध केला. भाड्याच्या उत्पन्नावर तो मार्ग खर्च भरून काढत नव्हता. परंतु उतारूंचा वाचलेला वेळ, इतर गाड्यांतली कमी झालेली गर्दी, रस्त्यावर राहिलेल्या वाहनांनाही मिळालेली मोकळीक हे सारे मोजले तर मार्ग समाजाला लाभदायक ठरत होता. मी तीस वर्षे हा निबंध वर्गात शिकवला. त्याच्या सर्व गृहीतांशी मी सहमत नाही; कारखानदाराच्या तासाला कामगाराच्या तासाहून अधिक भाव लावणारे हे शास्त्र आपल्याला सावधपणेच वापरले पाहिजे. तरीही त्याने एक दार उघडले. कंपनीचा तोटा आणि समाजाचा तोटा या दोन वेगळ्या राशी आहेत, हे सरकारी कागदावर आले.

त्यानंतरचा अंक राजकीय आहे. मे १९८१ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलवर मजूर पक्ष आला, केन लिव्हिंगस्टन नेते झाले. ऑक्टोबरमध्ये बस आणि भुयारी रेल्वेची भाडी सरासरी ३२ टक्क्यांनी उतरवली गेली. तूट मालमत्ता करातून भरायची. बाहेरच्या ब्रॉमली नावाच्या एका सधन उपनगराची नगरसंस्था न्यायालयात गेली. डिसेंबर १९८१ मध्ये लॉर्डांच्या न्यायपीठाने हे धोरण बेकायदा ठरवले. कशाच्या आधारे? १९६९ च्या कायद्यात वाहतूक 'इकॉनॉमिक' असावी असा शब्द होता. त्याचा अर्थ व्यापारी हिशेबाने चालणारी, असा लावला गेला. माझ्या शास्त्राच्या नावाने झालेला इतका महाग भाषांतरदोष मला दुसरा ठाऊक नाही. मार्च १९८२ मध्ये भाडी जवळजवळ दुप्पट झाली, गाड्या रिकाम्या धावू लागल्या. १९८३ मध्ये कौन्सिलने कायद्याच्या चौकटीत राहून पुन्हा कपात केली आणि बस व भुयारी रेल्वे या दोहोंवर चालणारा एकच पास आणला. प्रवासी परत आले. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये मुंबईच्या 'बेस्ट'ने किमान भाडे पाच रुपयांवर आणले तेव्हाही प्रवासी असेच परतले होते, आणि मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झाले तेव्हा कोणाच्या खिशाला चाट बसली, हे येथे सांगण्याची गरज नाही.

याच कौन्सिलने स्नो हिलचा बोगदा पुन्हा उघडावा असा पाठपुरावा केला. कल्पना कागदावर दोन ओळींची होती. उत्तरेची गाडी सिटीच्या उत्तर काठावर संपते, दक्षिणेची गाडी दक्षिण काठावर संपते, आणि मध्ये झाकून ठेवलेला हा बोगदा आहे. त्यात रूळ टाकले की बेडफर्डची गाडी थेट ब्रायटनला जाते. टर्मिनसला गाडी थांबवून उलटी फिरवण्यात जो वेळ आणि जी जागा अडकते ती सुटते. नवा बोगदा खणायचा तर त्याचा खर्च आणि त्याला लागणारी वर्षे यांची कल्पना करा. येथे तो तयार होता, कारण त्याची किंमत श्रमिकांच्या पिढ्यांनी आधीच भरलेली होती.

तांत्रिक अडचण एकच मोठी होती. उत्तरेला डोक्यावरच्या तारेतून २५ हजार व्होल्टचा प्रवाह, दक्षिणेला रुळांशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून ७५० व्होल्टचा. म्हणून दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या बांधल्या गेल्या. फॅरिंग्डनला थांबून गाडी एक वीज सोडून दुसरी धरी. येथे कामगार चळवळीची एक नोंद केली पाहिजे. उत्तरेच्या मार्गाचे विद्युतीकरण झाले तेव्हा व्यवस्थापनाने गार्डविना, एकट्या चालकावर गाड्या चालवण्याचा आग्रह धरला. युनियनने विरोध केला. १९८२ मध्ये नव्या कोऱ्या गाड्या उभ्या राहिल्या आणि तडजोड होऊन १९८३ मध्ये धावू लागल्या, त्या गार्डविनाच. सार्वजनिक मालकी आली म्हणजे श्रमिकांचे प्रश्न आपोआप सुटतात, असे समजणाऱ्या आपल्या काही मित्रांसाठी हे सांगितले.

मे १९८८ मध्ये बोगद्यातून पुन्हा उतारू गाड्या धावल्या. सेवेचे नाव 'थेम्सलिंक'. तोपर्यंत कौन्सिल उरली नव्हती. ३१ मार्च १९८६ रोजी थॅचर सरकारने ती कायद्यानेच विसर्जित केली होती. फीत दुसऱ्यांनी कापली. त्याचे मला फारसे वाटत नाही. वाटते ते पुढच्या गोष्टीचे.

बोगदा उघडल्यामुळे थेट गाड्या जाऊ लागल्या, म्हणून हॉबर्न व्हायाडक्ट हे जुने टर्मिनस अनावश्यक झाले. जानेवारी १९९० मध्ये ते बंद करण्यात आले. लडगेट हिलवरचा पूल पाडून रूळ रस्त्याखाली नेले, मे १९९० मध्ये भूमिगत स्थानक सुरू झाले आणि त्यावर कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. सेंट पॉलचे दर्शन सव्वाशे वर्षांनी मोकळे झाले, हे चांगलेच झाले. परंतु सिटीतली ही जमीन मौल्यवान कशाने झाली? तिच्या पायाखालून बेडफर्डपासून ब्रायटनपर्यंतचे कर्मचारी येऊ शकतील, ही व्यवस्था सार्वजनिक पैशाने झाली म्हणून. अर्थशास्त्रात याला अनर्जित मूल्यवाढ म्हणतात. ती समाजाकडे परत आणणारा एक कर ब्रिटनमध्ये १९७६ पासून होता. १९८५ मध्ये तो रद्द केला गेला. म्हणजे बोगदा उघडण्याच्या तीन वर्षे आधी! लंडनला हा धडा उशिरा का होईना उमगला : पुढे क्रॉसरेल या नव्या मार्गासाठी २०१० पासून मोठ्या व्यापारी मालमत्तांवर अधिभार आणि २०१२ पासून नव्या बांधकामांवर आकार लावला गेला. तो मार्ग २०२२ मध्ये सुरू झाला आणि फॅरिंग्डनलाच थेम्सलिंकला छेदतो.

१९९० नंतरची कहाणी मी भराभर सांगतो, कारण ती मुख्यतः विलंबाची आहे. सेवा वाढवण्याची योजना आखली, तिचे नाव ठेवले 'थेम्सलिंक २०००'. मध्ये रेल्वेचे खाजगीकरण झाले. रूळ एकाकडे, गाड्या दुसऱ्याकडे, चालवणारा तिसरा. २००० साल आले आणि गेले. परवानगी २००६ मध्ये मिळाली आणि काम संपेपर्यंत २०१८ उजाडले. नव्या गाड्यांचे कंत्राट जर्मन कंपनीच्या गटाला गेले, तेव्हा २०११ मध्ये डर्बीच्या कारखान्यात चौदाशे नोकऱ्या जाण्याची घोषणा झाली. लांब गाड्यांना फलाट पुरावेत म्हणून फॅरिंग्डनहून मूरगेटकडे जाणारा १८६० च्या दशकातला फाटा २००९ मध्ये कायमचा बंद करावा लागला. तो निर्णय मात्र मला योग्य वाटतो. जुने ते सारे राखावे असा माझा हट्ट नाही. मे २०१८ मध्ये नवे वेळापत्रक लागू झाले आणि कोलमडले, आठवडेच्या आठवडे गाड्या रद्द होत राहिल्या. अखेर २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने उतारू सेवा टप्प्याटप्प्याने पुन्हा सार्वजनिक मालकीत आणण्याचा कायदा केला.

फॅरिंग्डनला उतरलात तर आणखी दोन गोष्टी पाहा. पाच-सात मिनिटांच्या अंतरावर क्लार्कनवेल ग्रीनला मार्क्स स्मारक ग्रंथालय आहे; त्याच इमारतीतून १९०२-०३ मध्ये लेनिन 'इस्क्रा' काढीत असत. आणि हाच सारा भाग सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघात मोडत होता, जेथून १८९२ मध्ये आपले दादाभाई नौरोजी बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी संसदेत निवडून गेले. संपत्तीचा निचरा कसा होतो हे जगाला मांडून दाखवणारा मुंबईचा हा माणूस ज्यांच्या मतांवर निवडून आला, त्यांत या बोगद्याच्या धुरात राहणारे कारागीर असणार. तेथील एका रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

एक प्रश्न मला येथे यायच्या आधीच एका तरुण कार्यकर्त्याने विचारला : सर, लंडनच्या बोगद्याचे आम्हाला काय? मी त्याला उलट विचारले, मूर्तिजापूर ते यवतमाळची शकुंतला कोठे गेली? कापसासाठी टाकलेला तो अरुंद मार्ग, गाड्या थांबल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने सहा लाख कोटींची 'राष्ट्रीय मुद्रीकरण' योजना जाहीर केली. त्यात चार वर्षांसाठी रेल्वेचा वाटा दीड लाख कोटींहून अधिक धरला होता. मालमत्ता विकत नाही, ठरावीक मुदतीसाठी देतो, असे सांगितले गेले. मुदत दोन पिढ्यांची असेल तर विकणे आणि देणे यांतला फरक कायदेपंडितांपुरताच उरतो. स्नो हिल १९७१ मध्ये 'निरुपयोगी' होता. त्या वेळी तो कोणा धनिकाला नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने दारूच्या कोठारासाठी दिला असता, तर रेल्वेला चार पैसे मिळाले असते, ताळेबंद सुधारला असता आणि १९८८ मध्ये रूळ टाकायला जागा उरली नसती. तो वाचला, कारण तो सार्वजनिक मालकीत पडून राहिला. पडून राहणे हाही कधी कधी मोठा उपयोग असतो. पण तो कोणत्याही लेखापालाच्या रकान्यात बसत नाही.

म्हणून कामाचे सांगतो. आपल्या प्रत्येक तालुक्यात बंद पडलेला एखादा रेल्वेमार्ग, बाजूला टाकलेला फाटा, गोदाम किंवा गिरणीत शिरणारी सायडिंग आहे. तिच्या गटांचे सातबारा उतारे काढा, मालकी कोणाच्या नावे आहे, पट्टा दिला असल्यास कोणाला आणि किती वर्षांचा, अतिक्रमण असल्यास ते झोपडीचे आहे की बिल्डरचे, एवढी माहिती एका कागदावर लिहा. झोपडीची नोंद करताना तेथे राहणाऱ्यांची संख्याही लिहा. आठवड्याच्या भाडेकरूला इतिहासात नाव नसते, ते आपल्या कागदावर असू द्या. पुढच्या महिन्याच्या बैठकीला हे कागद घेऊन या. नकाशे तपासायला मी बसेन.